सिंध ते कारवार, एकच कपाट

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा कुठलाही जुना ग्रंथ उघडला की पहिल्या पानावर मोरवेल भेटते. डाल्झेल आणि गिब्सन यांचा १८६१ सालचा ‘बॉम्बे फ्लोरा’ घ्या, नाहीतर थिओडोर कुकचा १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघालेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा घ्या, सुरुवात रॅननक्युलेसीपासूनच होते. हे मोरवेलीचं कुळ. युरोपात त्याला बटरकपचं कुळ म्हणतात. त्या काळच्या वर्गीकरणात ते सर्वांत आधी मांडण्याची रीत होती. द कांदोलने ती रूढ केली, बेंथम आणि हूकर यांनी पक्की केली, आणि भारतातल्या वनस्पतिसंग्रहांची कपाटंही त्याच क्रमाने लागली. डीएनएच्या आधाराने बसवलेल्या आजच्या क्रमात या कुळाचा पहिला मान गेला आहे, पण लाखभर कागद नव्याने हलवायचे कोणी, म्हणून बहुतेक संग्रह जुनाच क्रम धरून आहेत. कुळ आपल्याला अगदी अनोळखी नाही. श्रावण सरला की सिंहगडाच्या झुडपांवर पांढऱ्या फुलांनी लवंडणारी मोरवेल किंवा रानजाई याच कुळातली, स्वयंपाकघरातली कलौंजी याच कुळातली, वैद्याच्या खलातला बचनाग आणि अतिविषही याच कुळातले. पण पुण्यातल्या संग्रहाच्या आधारे ज्यांनी इलाख्याची वनस्पतिसूची रचली त्यांच्या हाताखाली नुसता सह्याद्री नव्हता. सिंधचं वाळवंटही होतं. आणि त्या बाजूने पाहिलं तर ही पहिली पानं जवळजवळ कोरी आहेत.

या कोरेपणाला ऐतिहासिक पुरावा म्हणून किंमत आहे का, आणि असेल तर तो कशाचा पुरावा आहे, हा इथला प्रश्न आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: वाळवंटात मोरवेलीचं कुळ नाही ही गोष्ट पुण्याच्या संग्रहातून वाचता आली याचं कारण निसर्गात जेवढं आहे तेवढंच राज्यकारभारात आहे. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ साली वेगळा निघेपर्यंत कराचीपासून कारवारपर्यंतचा मुलूख एका गव्हर्नरच्या अखत्यारीत होता. वर्षाला चार-सहा इंच पावसाचा प्रदेश आणि दोनशे इंच पावसाचा प्रदेश, हे दोन्ही एका सूचीत आणि एका कपाटात घालण्यामागे वनस्पतिशास्त्राचा काही हेतू नव्हता. ती सोय फौजेची आणि महसुलाची. मात्र त्या सोयीमुळे एक तुलना आपोआप मांडली गेली, आणि तिचं मोल पुढच्या पिढ्यांनी ओळखलं.

नमुने गोळा करणारे लोक कोण होते हे पाहिलं की या संग्रहाचा स्वभाव कळतो. पुण्याच्या बाजूने सुरुवात दापोडीपासून. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ साली तिथला बंगला सरकारसाठी घेतला आणि त्याभोवती सरकारी वनस्पती-बाग उभी राहिली. १८३८ पासून तिची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सनकडे आली. गिब्सन पेशाने शल्यवैद्य. त्याआधी तो दख्खन आणि खानदेशात देवीच्या लसीकरणाचा अधिकारी होता. म्हणजे त्याच्या वनस्पतींच्या वाटा या आधी लस टोचण्याच्या वाटा होत्या. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला जंगल-संरक्षक झाला. त्यानंतरच्या तीनेक वर्षांत एका गोमंतकीय-पोर्तुगीज वळणाच्या चित्रकाराने दापोडीच्या झाडांची शेकड्याच्या वर चित्रं काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती-बागेत आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नाही. सिंधमध्ये जॉन एलर्टन स्टॉक्सची कथाही अशीच आहे. तोही मुंबईच्या वैद्यकीय खात्यातला, तोही लसीकरणावर नेमलेला, आणि पुढे सिंधच्या जंगलांची तपासणी त्याच्याकडे आली. नोकरीच्या निमित्ताने त्याने सिंध पालथा घातला, बलुचिस्तानात शिरला, १८५३ साली सगळा संग्रह घेऊन इंग्लंडला परतला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या बत्तिशीत, वारला. निकोल डाल्झेल मुंबईत १८४१ साली आला तो जकात खात्यात. पुढे सिंधच्या जंगल खात्यात आणि मग गिब्सनच्या जागी इलाख्याचा जंगल-संरक्षक. लस, जकात, लाकूड ही तीन खाती वगळली तर पश्चिम भारताच्या एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रात फारसं कोणी उरत नाही.

पुण्यात हा संग्रह एखाद्या बागेत किंवा संग्रहालयात वाढला असता तर नवल नव्हतं, पण तो वाढला इंजिनीयरिंग कॉलेजात. कुक मूळचा आयरिश, इंजिनियर. १८६०च्या सुमारास तो बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या कामावर आला, आणि १८६५ साली पुण्याच्या कॉलेजचा प्राचार्य झाला. तेच पुढे कॉलेज ऑफ सायन्स म्हणून नावारूपाला आलं. आज आपण त्याला सीओईपी म्हणतो. १८९० साली बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाला तेव्हा पश्चिम भारताची जबाबदारी या कॉलेजच्या प्राचार्यावर टाकण्यात आली. गणेशखिंडीच्या बागेचा प्रमुख जॉर्ज मार्शल वुड्रो तिथे वनस्पतिशास्त्र शिकवत असे. प्राचार्य कुकच्या काळातच, १८८३ साली, या कॉलेजातून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनियर होऊन बाहेर पडले, आणि मुंबई सरकारच्या नोकरीत काही वर्षांनी सक्करच्या पाणीपुरवठ्यासाठी थेट सिंधला पोचले. पुण्यातून सिंधला बदली होणं तेव्हा साताऱ्याला बदली होण्याइतकंच कायदेशीर होतं, सुखाचं नसलं तरी. वनस्पतींच्या चिठ्ठ्यांवरची स्थळं याच नकाशाची आहेत. कुकच्या ग्रंथात स्थळांपुढे गोळा करणाऱ्याचं नाव आणि तो नमुना स्वतः पाहिला असेल तर उद्गारचिन्ह अशी पद्धत आहे. तिथे स्टॉक्स, डाल्झेल, वुड्रो यांच्या शेजारी कानिटकर आणि भिवा ही नावंही येतात. साहेबांची चरित्रं छापली गेली, कानिटकरांचं आडनाव तरी उरलं. भिवाला आडनावही नाही, नुसतं नाव आणि पुढे उद्गारचिन्ह. पण नमुन्याच्या पुराव्यात हुद्दा मोजत नाहीत. भिवाची काडी आणि कमिशनरची काडी सारख्याच वजनाची.

नमुना करणं हे काम दिसतं तितकं यांत्रिक नाही, आणि मोरवेलीच्या कुळाबाबत तर मुळीच नाही. फूल, फळ, पान आणि शक्य तर मूळ असलेली डहाळी टिपकागदांच्या घडीत घालायची, लाकडी जाळीच्या दाबात पट्ट्यांनी आवळायची, ओल सुटेल तसे कागद बदलायचे, शेवटी कीड लागू नये म्हणून विषारी द्रावणाचा हात फिरवून जाड कागदावर चिकटवायची आणि चिठ्ठीवर स्थळ, तारीख, नाव लिहायचं. मावळात भाद्रपदात हे करणं म्हणजे बुरशीशी रोजची मारामारी. कागद सकाळी बदलला तर संध्याकाळी पुन्हा दमट. मोरवेलीच्या फुलात पाकळ्या नसतातच, पांढरी दिसतात ती निदलं, आणि ती झडायला निमित्त लागत नाही. फळं पिकली की त्यांच्या पिसासारख्या शेपट्या दाबातूनही निसटतात. वाळवंटात उलट. तिथल्या कोरड्या हवेत बहुतेक नमुने दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतात आणि रंगही बरा टिकतो. पण सिंधच्या ओलाव्यावर उगवणारा ‘रॅननक्युलस स्केलेरॅटस’ तिथेही छळतो. देठ पोकळ आणि रसाळ, हळूहळू वाळला की काळा पडतो, आणि ताजा असताना त्याचा रस हाताला लागला तर फोड येतात. गंमत अशी की वाळल्यावर त्या रसातलं दाहक द्रव्य बदलून निरुपद्रवी होतं, म्हणून संग्रहातला नमुना हाताळायला काही भीती नसते. या गोष्टी लहान आहेत, पण कुठला नमुना संग्रहात पोचतो आणि कुठला वाटेतच टाकून दिला जातो हे अशाच गोष्टी ठरवतात. शेकडो मैलांच्या दौऱ्यात लाकडाला, चाऱ्याला किंवा औषधाला उपयोगी नसलेली, हात भाजवणारी वनस्पती कोण आवर्जून दाबेल, हा आक्षेप रास्त आहे आणि तो मी पुढे घेणार आहे.

आधी निसर्गाची बाजू. वाळवंटात मोरवेलीचं कुळ कमी आहे याचं सोपं उत्तर सगळे देतात: हे थंड प्रदेशातलं कुळ, त्याला ओलावा लागतो, वाळवंटात ओलावा नाही, विषय संपला. हे उत्तर अर्धवट आहे, आणि ते अर्धवट आहे हे पुण्याच्या शेजारचा सह्याद्रीच दाखवतो. सिंहगडावर किंवा पुरंदरच्या बाजूला ऑक्टोबरपासून जूनपर्यंत जमीन कोरडीच असते. तरी मोरवेल तिथे वर्षानुवर्षं टिकते, कारण तिचं मूळ आणि खालचं खोड लाकडी असतं. कासच्या पठारावर आणि घाटमाथ्यावर निळ्या फुलांनी उभं राहणाऱ्या डेल्फिनियमचं उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही. जमिनीत जाड मूळ असतं. म्हणजे आठ महिन्यांची कोरड सोसण्याची युक्ती या कुळाला माहीत आहे. दुसरीकडे, बलुचिस्तान, इराण आणि मध्य आशियाच्या कोरड्या पठारांवर हेच कुळ चांगलं फोफावलेलं आहे. सेराटोसेफाला, अडोनिस, डेल्फिनियमच्या कितीतरी जाती तिथे वाळूत आणि खडीत वसंत ऋतूत फुलतात. अमेरिकेच्या मोहावे आणि सोनोरा वाळवंटांतही डेल्फिनियम आहे. तेव्हा दोष नुसत्या कोरडेपणाचा नाही.

फरक पावसाच्या वेळेचा आहे. बलुचिस्तानच्या पठारावर पाऊस पडतो तो हिवाळ्यात आणि वसंतात, थंडीत. बीज गारठ्यात रुजतं, मार्च-एप्रिलात फुलतं, उन्हाळा यायच्या आत बी टाकून मोकळं होतं. सिंधच्या सखल भागात आणि थरमध्ये जो काही पाऊस पडतो तो जुलै ते सप्टेंबरमध्ये. जैसलमेरला जुलैतही दिवसाचं तापमान चाळिशीच्या आसपास असतं; पुण्यात त्याच महिन्यात ढगांमुळे ते तिशीच्या खाली येतं. दख्खनचा पाऊस उन्हाळी असूनही गार आहे, थरचा उन्हाळी आणि तप्त. थरमध्ये थंडी येते तेव्हा पाणी नसतं आणि पाणी येतं तेव्हा थंडी नसते. या कुळाच्या दृष्टीने सिंध आणि बलुचिस्तान हे दोन शेजारी ‘वाळवंट’ या एका शब्दात कोंबणं चूक आहे. स्टॉक्सने एकाच आयुष्यात दोन्ही मुलूख तुडवले होते, आणि त्याच्या संग्रहाची खरी किंमत त्या दोहोंच्या सीमेवर आहे असं मला वाटतं. सिंधमध्ये हे कुळ जिथे दिसतं तिथे ते पावसावर जगत नाही. नदीचा काठ, कालव्याची गळती, तळ्याचा चिखल, आणि तेही डिसेंबर ते मार्च. रॅननक्युलस स्केलेरॅटस हा पाणपक्ष्यांच्या पायाला लागून फिरणारा, जवळजवळ जगभर पसरलेला प्रवासी. एकेका फळगुच्छात शंभरावर बिया घेऊन तो ओल सापडेल तिथे उतरतो. वाळवंटाशी त्याचा करार नाही, पाण्याशी आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की नमुना नाही याचा अर्थ वनस्पती नाही असा होत नाही. गोळा करणारे नोकरीच्या वाटेने जात, ठरावीक मोसमात जात, आणि उपयोगी असेल ते उचलत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि प्राध्यापक हॉलबर्ग यांनी जोधपूर-जैसलमेरच्या वनस्पतींवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात १९१८ पासून जी लेखमाला लिहिली ती भारतीय वाळवंटाची पहिली सविस्तर वनस्पतिसूची. पण त्यांचा दौरा होता १९१७च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला. त्या वर्षी देशभर पाऊस विलक्षण झाला होता, त्यामुळे पावसाळी गवतं आणि वेली त्यांना भरभरून मिळाल्या असणार. मात्र जानेवारीत चिखलात उगवणारं काही नोव्हेंबरात कसं मिळणार? हे मान्यच करायला हवं. पाणथळ जागांबाबत जुन्या याद्यांतला नकार सैलच समजावा. पण कोरड्या जमिनीबाबत तसं म्हणता येत नाही. स्टॉक्स सिंधमध्ये पाहुणा म्हणून गेला नव्हता, नोकरीला होता, सगळे ऋतू त्याने तिथे काढले. ब्लॅटर, मॅककॅन आणि सबनीस यांनी सिंधू नदीच्या मुखाकडचा प्रदेश वेगळा अभ्यासला. विसाव्या शतकाच्या मध्यावर पुण्याहून गेलेल्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञांनी अरवलीच्या पश्चिमेचा राजस्थान पुन्हा पाहिला. नोकऱ्या वेगळ्या, वाटा वेगळ्या, मोसम वेगळे, शतकभराचं अंतर, आणि कोरड्या रानातून या कुळाबाबत निकाल तोच. एका माणसाचा रिकामा हात हा योगायोग असू शकतो. इतक्यांचा रिकामा हात ही माहिती आहे.

संपूर्ण नावं छापायची सवय नसलेल्या त्या काळच्या जर्नलांत टी. एस. सबनीस एवढंच छापलेलं हे मराठी नाव जाता जाता उल्लेखून सोडण्याजोगं नाही. १९१९ ते १९२१ या काळात ‘जर्नल ऑफ इंडियन बॉटनी’मध्ये त्यांनी वाळवंटी वनस्पतींच्या अंतर्रचनेवर दीर्घ लेखमाला लिहिली. पानाची साल किती जाड, रंध्रं कुठे, केस कसे, पाणी साठवणाऱ्या पेशी किती, हे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. यादीने ‘काय आहे’ सांगितलं, सबनीसांनी ‘कसं तगतं’ विचारलं. आणि याच सुमारास तिसरा प्रश्न, ‘आलं कुठून’, हा बर्लिनमध्ये बसून दुसरा एक मराठी माणूस विचारत होता.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव पुणेकर रोज घेतात, पण बहुधा संस्थेच्या पाटीमुळे. आणि ती संस्था गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर असल्याने दोघांची गल्लत करण्याची परंपराही जुनी आहे. आघारकर मूळ मालवणचे. सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश शोधल्याबद्दल त्यांचं नाव आधी झालं. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर ते पुढच्या अभ्यासाला जर्मनीला गेले, आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून काही काळ त्यांना अटकेतही काढावा लागला. तरी त्यांनी बर्लिनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ एंग्लरच्या परंपरेत प्रबंध पुरा केला, आणि १९२० साली तो एंग्लरच्याच नियतकालिकात आला. विषय: वायव्य भारतातल्या कोरडवाहू, अर्ध-कोरडवाहू आणि खारवट जमिनीतल्या वनस्पती, त्यांचे प्रसाराचे मार्ग आणि त्यांचं मूळ. युद्धाच्या काळात जर्मनीत अडकलेला माणूस थरच्या वाळूत पाऊल टाकू शकत नव्हता. त्याच्यासमोर होत्या त्या दुसऱ्यांनी गोळा केलेल्या काड्या आणि छापील याद्या, म्हणजे लसवाले, जकातवाले आणि जंगलवाले यांची मजुरी. ज्यांनी ती गोळा केली त्यांच्या ध्यानीमनी हा प्रश्न नव्हता. वाळवंटाच्या वनस्पतींचं मूळ शोधायचं तर कोणतं कुळ भरपूर आहे आणि कोणतं नाही हे दोन्ही पाहावं लागतं, आणि इथे कोऱ्या पानाला प्रथमच काम मिळालं. निवृत्तीनंतर १९४६ साली आघारकर पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सचे संस्थापक-संचालक झाले आणि १९६० साली मृत्यूपर्यंत राहिले. १९९२ साली संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

दुसरा आक्षेप मोठेपणावर बोट ठेवतो. स्टॉक्सचा संग्रह लंडनच्या क्यू वनस्पती-बागेला गेला, कुकने ग्रंथ लिहिला तोही निवृत्त होऊन क्यूमध्ये बसून, आघारकरांनी बर्लिनमध्ये काम केलं. मग पुण्याचं यात काय? श्रेयाचा हिशेब मांडायचा असेल तर पुण्याच्या वाट्याला कमी येईल हे खरं. उत्तम नमुने बोटीने गेले, आणि सिंधसाठी पुण्याचा संग्रह कधीच सर्वांत श्रीमंत नव्हता. पण माझा मुद्दा श्रीमंतीचा नाही, शेजाराचा आहे. क्यूमध्ये सिंधची काडी अफगाणिस्तान, इराण, अरबस्तान आणि साऱ्या जगाच्या काड्यांत मिसळते. पुण्याच्या चौकटीत तिच्या शेजारी फक्त कोकण, मावळ, दख्खन आणि कानडा आहेत. तुलनेला इतके कमी शेजारी असले की फरक ठळक होतो. आणि जे लोक ही तुलना रोज करत होते, चिठ्ठ्या लिहीत होते, कागद बदलत होते, त्यांत कानिटकर आणि भिवा होते. हा सारा उद्योग साम्राज्याच्या सोयीचा होता, साग आणि औषधं शोधण्याचा होता, असंही म्हटलं जातं. तेही खरं. मात्र मोरवेलीच्या कुळातून ना लाकूड मिळत होतं ना महसूल. बचनाग आणि अतिविष हिमालयातून बाजारात येत. यादी क्रमाने भरायची म्हणून या कुळाचं पान भरलं गेलं. साम्राज्याच्या हिशेबात ज्याची किंमत शून्य होती, तिथलीच नोंद आज निखळ वाटते.

शेजाराचा फायदा उलट्या दिशेनेही दिसतो. सह्याद्रीचं निळं डेल्फिनियम कुकच्या काळी ‘डेल्फिनियम डॅसिकॉलॉन’ या नावाखाली धरलं जाई. हे नाव मुळात अबिसीनियाच्या, म्हणजे इथिओपियाच्या वनस्पतीचं. आफ्रिकेचं शिंग, अरबस्तान, सिंध आणि मग पश्चिम घाट, असा कोरड्या मुलखातून आलेला एक दुवा या नावात गृहीत होता. अडचण एवढीच की मधला सिंध कोरा होता. वनस्पतिशास्त्रज्ञ हुथने १८९५ साली भारतीय वनस्पती वेगळा प्रकार म्हणून नोंदवली, आणि १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या फिलिप मुन्झने आशियातल्या डेल्फिनियमांचा आढावा घेताना ती स्वतंत्र जात मानली: डेल्फिनियम मलबारिकम. आज ती पश्चिम घाटाबाहेर कुठेही न आढळणारी म्हणून ओळखली जाते. वेगळेपण ठरलं ते अर्थात फुला-फळांच्या बारकाव्यांवरून, नकाशावरून नाही. पण मधली पोकळी खरी मानली असती तर दोन टोकांची वनस्पती एक असण्याबद्दल शंका आधीच घेता आली असती.

स्वातंत्र्यानंतर या कपाटाची चौकटच मोडली. सिंध पाकिस्तानात गेला आणि तिथल्या नोंदी पुण्यापुरत्या जिथल्या तिथे थांबल्या. बोटॅनिकल सर्व्हेची १९५४ साली फेररचना झाली, पुढच्या वर्षी पुण्यात वेस्टर्न सर्कल सुरू झालं, आणि कृषी महाविद्यालयात सांभाळलेला कुक-वुड्रो काळातला जुना संग्रह पुढे त्याच्याकडे, कोरेगाव रस्त्यावर आला. सिंध गेला तरी वाळवंट सुटलं नाही, कारण आता राजस्थान या विभागाच्या हद्दीत होता. प्रादेशिक वनस्पतिशास्त्रज्ञ जी. एस. पुरी आणि त्यांच्याबरोबर एस. के. जैन, मुखर्जी, सरूप आणि एन. एन. कोतवाल यांनी अरवलीच्या पश्चिमेकडील राजस्थानचा फ्लोरा तयार केला. तो १९६४ साली प्रसिद्ध झाला. १९७२ साली जोधपूरला कोरड्या प्रदेशासाठी स्वतंत्र केंद्र निघालं आणि पुण्याचं हे काम तिकडे गेलं.

या तारखांना एक वेगळं महत्त्व आलं आहे. राजस्थान कालव्याची पायाभरणी मार्च १९५८ मध्ये झाली. १९६१ साली त्यात पहिलं पाणी सोडलं, आणि आज इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जाणारा हा प्रवाह १९८७च्या सुरुवातीला जैसलमेर जिल्ह्यात मोहनगडपर्यंत पोचला. सिंधमध्ये हेच आधी झालं होतं. सक्करचं धरण १९३२ साली सुरू झालं तेव्हा सिंध अजून मुंबई इलाख्यातच होता, आणि धरणाला नाव दिलं होतं मुंबईच्या गव्हर्नर लॉइडचं. म्हणजे स्टॉक्स, डाल्झेल आणि भिवाच्या पिढीचे सिंधी नमुने बंधाऱ्याच्या आधीचे, ब्लॅटरची जैसलमेरची यादी कालव्याच्या कितीतरी आधीची, आणि पुण्याच्या पथकाचं काम कालव्याचं पाणी वाळवंटात खोलवर शिरण्याच्या तोंडावरचं. कालव्याच्या कडेने झिरपणारं पाणी, पाणथळ झालेली शेतं, हिवाळ्यात उतरणारे पाणपक्षी, हे सगळं तिथे नव्याने आलं आहे. रॅननक्युलस स्केलेरॅटससारख्या वनस्पतीला याहून अधिक काही लागत नाही. ती तिथे आज कुठवर पोचली आहे हे पाहायचं असेल तर जानेवारी ते मार्च या काळात कालव्याच्या गळतीच्या जागी जावं लागेल, आणि प्रत्येक काडीबरोबर तारीख आणि मोहनगड किंवा नाचना असं नेमकं स्थळ लिहावं लागेल. नुसता फोटो पुरणार नाही, कारण या प्रजातीतल्या जाती ठरतात त्या फळाच्या चोचीवरून आणि टोकावरच्या केसांवरून, आणि ते फोटोत येत नाहीत. तुलनेसाठी आधीची नोंद लागेल, आणि ती ‘नव्हती’ अशीच नोंद आहे.